अण्णांची रायफल आणि माझं सपोर्ट तिकीट

शुक्रवार, संध्याकाळचे पावणेसात. हिंजवडीच्या ऑफिसात या वेळेला कोणी कोणाचं नसतं. लॅपटॉप बॅगेत, बॅग खांद्यावर, डोळे लिफ्टच्या आकड्यांवर. नेमका तेव्हाच आईचा फोन. आईच्या फोनचे विषय दोनच. 'जेवलास का' आणि 'मुलगी बघायला कधी येतोस'. पण त्या दिवशी ती कुजबुजत होती.

"तुझ्या अण्णांची बंदूक अडकूलाली रे. दोन दिस झाले, जेवताना बोलंनात. तू येऊन बघ की जरा. इंजिनिअर हायस ना?"

आता माझं इंजिनिअरिंग म्हणजे काय, तर प्रॉडक्शन सपोर्ट. सातासमुद्रापलीकडच्या एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर रात्री दोन वाजता मान टाकतं, मग माझ्या नावावर एक तिकीट पडतं आणि ते का पडलं हे मी शोधत बसतो. एवढंच. पण गावाकडे एकदा 'इंजिनिअर' हा शिक्का बसला की मिक्सर, बोअरची मोटार, टीव्हीची डिश, सगळं आपल्याच खात्यात जमा होतं. बंदूक तेवढी राहिली होती.

टीममध्ये सांगितलं, "सोमवारी सुट्टी हवी. वडिलांची रायफल बिघडलीय." पाच सेकंद शांतता! तशीही माझ्या गावाची ऑफिसात जरा ख्याती आहेच. मी मानवतचा. परभणी जिल्हा. २०२४ मध्ये ती वेबसिरीज आल्यापासून गावाचं नाव घेतलं की समोरचा खुर्ची पुढे ओढतो. "म्हणजे ते १९७२चं हत्याकांड? तेच मानवत?" हो बॉस, तेच. पण आमच्याकडे कापसाची मोठी बाजारपेठ आहे, टाळकी ज्वारीची भाकरी आहे, आणि 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आम्ही स्वतःच स्वतःवर वापरतो, हे कोणी विचारत नाही. त्यात आता रायफल! "तुझ्याशी नीट वागायला पाहिजे यार," आमची टीम लीड म्हणाली आणि सुट्टी सँक्शन झाली. अप्रेझलच्या आधी असा फंडा कामाला येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

रात्रीची ट्रॅव्हल्स. अहिल्यानगर कधी गेलं कळलं नाही, माजलगावला जाग आली, पाथरीला चहा. पहाटे मानवतला उतरलो तेव्हा थंडी मी म्हणत होती आणि रस्त्याच्या कडेला कापसाच्या गाड्या तोंडाला ताडपत्री बांधून उभ्या होत्या.

अण्णांविषयी आधी सांगायला हवं. १९८४ साली ते मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. बेळगावला ट्रेनिंग, मग जिथे जिथे पलटण, तिथे तिथे ते. मी जन्मलो तेव्हा ते घरी नव्हते, पहिलीत गेलो तेव्हाही नव्हते. १७ वर्षं नोकरी करून २००१ मध्ये घरी आले ते एक काळी ट्रंक, एक पेन्शन बुक आणि सकाळी पाचला उठायची खोड घेऊन. त्यानंतर एजन्सीमार्फत एका बँकेत गार्ड. माजी सैनिक, वर स्वतःचं लायसन्स आणि स्वतःची बंदूक, असा माणूस एजन्सीला हवाच असतो. इतकी वर्षं त्यांच्याकडे बारा बोअरची दुनळी होती. तुमच्या-माझ्या बँकेच्या दारात जी दिसते ना, स्टुलाला टेकवलेली, तीच.

मागच्या वर्षी मात्र त्यांनी हौस केली. दुनळी रीतसर डीलरला विकली, लायसन्सवर नवी नोंद करून घेतली आणि घेतली .३१५ची स्पोर्टिंग रायफल. बोल्ट-अॅक्शन, पाच राउंडचं मॅगझिन, अक्रोडी रंगाचा लाकडी दस्ता. मी नवा फोन घेतल्यावर जसा पहिले चार दिवस स्क्रीनवरचा प्लॅस्टिक काढत नाही, तसे अण्णा तिला वागवत होते. साठीच्या माणसाची खरेदी! आईनं नाक मुरडलं होतं, "माझ्या पाटल्या ऱ्हायल्या, ह्यांची रायफल आली."

तर लोचा असा होता. सकाळी ड्यूटीवर जाताना अण्णा मॅगझिन भरत, चेंबर मात्र रिकामं. संध्याकाळी घरी आले की रायफल खाली करत. पलटणीतली शिस्त. बोल्ट ओढायचा, राउंड बाहेर. परत ढकलायचा, परत ओढायचा, पुढचा राउंड बाहेर. असं पाचदा. पण गेल्या काही दिवसांत राउंड बाहेर पडेचना. बोल्ट मागे यायचा, राउंड चेंबरमधून निघायचा आणि तिथेच आडवा पडून राहायचा. बोल्ट पुढे ढकलला की खालून दुसरा राउंड वर यायचा आणि दोघांची दारात चेंगराचेंगरी. मग मॅगझिन काढा, बोटानं एकेक राउंड बाहेर काढा.

"इजेक्टर जाम हाय," अण्णा म्हणाले. त्यांचं निदान झालेलं होतं. माझ्याकडून फक्त दुरुस्ती हवी होती. क्लायंट असाच असतो.

मी पहिला नियम सांगितला, घरात एकही जिवंत राउंड बाहेर काढायचा नाही. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांना सायकल चालवायला शिकवतोय. पण काडतुसं पेटीत गेली, कुलूप लागलं. मग त्यांनी मॅगझिन काढलं, बोल्ट उघडला, चेंबरमध्ये करंगळी घालून रिकामं असल्याची खात्री केली, नळी भिंतीकडे केली आणि रायफल माझ्या हातात दिली. हे सगळं तीस सेकंदांत, न बोलता. कॉलेजात एनसीसीत मी .२२ चालवली होती, त्यामुळे अगदीच ढ नव्हतो. तरी हात जड झाले. ही वस्तू जड असते ती फक्त वजनानं नव्हे.

आणि इथेच माझा सपोर्टवाला मेंदू अडला. राउंड नाही म्हणजे बाहेर पडणार काय? दिसणार काय? आमच्या भाषेत, इश्यू रिप्रोड्यूस करता येत नाही. टेस्ट एन्व्हायर्नमेंट आहे, पण टेस्ट डेटा नाही. म्हणून मी तेच केलं जे प्रत्येक सपोर्टवाला करतो आणि क्लायंटला सांगत नाही. नेटवर शोधलं.

नेटवर भरपूर आहे. 'नव्या बोल्ट-अॅक्शन रायफलीचा इजेक्टर अडकलाय' यावर अमेरिकन मंडळींनी तासन्‌तास व्हिडिओ केलेत. दाढीवाले काका, गॅरेज, मागे कुत्रा. त्यांचं म्हणणं असं, की बोल्टच्या तोंडावर एक छोटी दांडी असते, मागे स्प्रिंग. काडतुसाच्या बुडाला ती सतत ढकलत असते. एका बाजूनं एक्स्ट्रॅक्टरच्या नखानं धरलेलं आणि दुसऱ्या बाजूनं ही दांडी रेटतेय, त्यामुळे नळीतून तोंड मोकळं झालं रे झालं की काडतूस उडी मारतं. नव्या रायफलीत कधी कारखान्यातलं घट्ट झालेलं तेल, कधी पितळेचा बारीक कीस त्या भोकात बसतो आणि दांडी आत रुतते. उपाय सोपा. दांडीवर सॉल्व्हंटचे थेंब टाका, लाकडी काडीनं दाबत राहा, ती मोकळी होईल. नाहीच झाली तर आडवी पिन काढून स्प्रिंग साफ करा, आणि ते काम जाणकाराकडे न्या.

झालं! माझे फंडे क्लिअर. मी आईकडून झाडूची काडी घेतली, अण्णांकडून रायफलचं तेल घेतलं. अण्णांनी बोल्टचं डोकं वर करून सगळा बोल्टच मागे काढून हातात दिला. मी मोबाइलचा टॉर्च लावून बोल्टचं तोंड पाहिलं. मधोमध एक भोक. ते फायरिंग पिनचं. उजव्या कडेला एक्स्ट्रॅक्टरचं नख. बोटानं दाबलं, टुणकन परत आलं. म्हणजे ते ठणठणीत. आणि दांडी? दांडी नाहीच. भोकही नाही. पुन्हा पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं. जी वस्तू अडकली म्हणून मी पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलो, ती वस्तू त्या रायफलीत नव्हतीच!

"काय बघूलालास एवढं?" अण्णा.

"काही नाही. अॅनालिसिस चालू आहे."

दुपारी जेवायला बसलो. अण्णांनी डाव्या हातानं तांब्या उचलला. आईनं त्यांच्या ताटात भाकरी चुरून दिली. स्वेटरची उजवी बाही तिनेच ओढून चढवली. हे सगळं मी पाहिलं. पाहिलं म्हणजे डोळ्यांसमोर झालं, एवढंच. माझं लक्ष फोनमध्ये होतं.

संध्याकाळपर्यंत मी रायफलींच्या तीन घराण्यांची वंशावळ वाचून काढली. जर्मन माउझर, १८९८ची. तिच्या इजेक्टरची पट्टी बाजूला असते, बोल्ट मागे आला की त्याच्या फटीतून ती पुढे येते. दुसरं घराणं त्या अमेरिकन दांडीवाल्यांचं. आणि तिसरं ली-एनफील्ड. जेम्स पॅरिस ली या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या माणसाचा बोल्ट, एनफील्ड कारखान्याची नळी. १८९५ पासून ब्रिटिश फौजेनं वापरली. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर जी .३०३ आपण लहानपणापासून पाहिली, ती हीच. २००८च्या २६/११च्या रात्री सीएसटीवरच्या काही शिपायांच्या हातात हीच होती. आणि पश्चिम बंगालमधल्या इशापूर रायफल फॅक्टरीची .३१५, म्हणजे अण्णांची, तिचीच नागरी बहीण.

बहीण असून काडतूस वेगळं का? तर इंग्रजांना लष्कराचं .३०३ काडतूस सामान्य माणसाच्या हाती नको होतं. चोरलेलं काडतूस घरच्या रायफलीत चालता कामा नये. म्हणून खाजगी रायफलींसाठी ऑस्ट्रियातल्या मानलिखर रायफलीचं आठ मिलिमीटरचं काडतूस आलं आणि इकडे त्याला .३१५ म्हणू लागले. इंग्रज गेले, भीती राहिली. .३०३ आजही आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे. ही ट्रिव्हिया मी जेवताना अण्णांना ऐकवली. ते म्हणाले, "ते ठीक हाय. सोमवारी ड्यूटी हाय, त्याचं बोल."

त्या रात्री मला झोप लागली नाही. खरं सांगू? तोपर्यंत हे सगळं मला गंमत वाटत होतं, परतल्यावर ऑफिसात सांगायचा किस्सा. पण अंथरुणात पडल्यावर डोळ्यांसमोर बँक आली. कापसाचा सीझन, पैसे काढायला आलेले शेतकरी, सतरा पिशव्या, पोरंबाळं. आणि दारात माझे वडील, ज्यांच्या रायफलीत राउंड आडवा पडतो. समजा, कधी खरंच वेळ आली तर? किंवा वेळ न येताच, अडकलेला राउंड बोटानं काढताना काही झालं तर? आमच्याकडे याला सेव्हॅरिटी वन म्हणतात. लगेच सिस्टीम खाली घ्यायची, मग पुढचं. पण अण्णांना 'ड्यूटीवर जाऊ नका' हे कोणी सांगायचं? मी? ज्यानं कालपर्यंत झाडूची काडी घेऊन नसलेली दांडी शोधली?

रविवारी सकाळी मी नुसताच बोल्ट ओढत बसलो होतो. रिकामी रायफल, नळी भिंतीकडे. वर, मागे, पुढे, खाली. बोल्ट मागे शेवटपर्यंत गेला की 'टक्क' असा आवाज येतो. लोखंडाला लोखंड भिडल्याचा. मग अण्णांनी घेतली आणि ओढून दाखवली. "बग, नीट तर चालूलाली." आवाज आला नाही. मला तेव्हा वाटलं, त्यांचा हात सरावाचा आहे, माझ्यासारखा आडदांड नाही, म्हणून आवाज होत नसेल. लॉगमध्ये एरर समोर लिहिलेला असतो आणि आपण तो वाचून पुढे जातो, तसं.

सोमवारी अण्णांनी एजन्सीला एक दिवसाची रजा कळवली आणि आम्ही मामेभावाच्या बोलेरोतून छत्रपती संभाजीनगरला निघालो, ज्या डीलरकडून रायफल घेतली होती त्याच्याकडे. डमी राउंड त्यांच्याकडेच मिळणार. निघताना अण्णांनी रायफलीची कॅनव्हासची पिशवी माझ्या हातात दिली. मी दचकलो. लायसन्स त्यांचं, मी कसा उचलणार? तर अण्णांना कलम पाठ! शस्त्र कायदा १९५९, कलम ३. लायसन्सधारक सोबत असेल तर दुसऱ्या माणसाला दुरुस्तीसाठी शस्त्र उचलून नेता येतं. सोबत नसेल तर त्याची लेखी परवानगी लागते. "मी बाजूला हाय तवर तू कायद्यात हायस," ते म्हणाले. आणि खरंच, गाडीपासून दुकानापर्यंत ते माझ्या अर्ध्या पावलावर चालत राहिले. त्यांनी पिशवी माझ्याकडे का दिली हा प्रश्न मात्र मला पडला नाही. लहानपणी ते सुट्टीवर यायचे तेव्हा मला ट्रंकेला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत.

दुकान जुनं. काचेच्या कपाटात एअरगन, छर्‍यांचे डबे, भिंतीवर नियमांचा पिवळा पडलेला कागद. आतल्या बाजूला मिस्त्री. सत्तरीचे असतील. पांढरी टोपी, नाकावर चष्मा, बोटांच्या फटींत कायमचं काळं तेल. अण्णांनी लायसन्स दाखवलं, तक्रार सांगितली, "इजेक्टर जाम." मिस्त्री काही बोलले नाहीत. बोल्ट उघडून चेंबर पाहिलं, बोटानं चाचपलं, पुन्हा पाहिलं. मग पाच डमी राउंड मॅगझिनमध्ये भरले. आणि मग त्या म्हाताऱ्या हातानं सटासट बोल्ट ओढला. टक्क. टक्क. टक्क. टक्क. टक्क. पाचही डमी काउंटरवरून उड्या मारत एअरगनच्या कपाटावर जाऊन आदळले. एक माझ्या बुटापाशी आला.

मी हसलो. "वर्क्स ऑन माय मशीन!" हा आमच्या धंद्यातला सर्वात जुना जोक आहे. डेव्हलपरच्या मशीनवर सगळं चालतं, बिघडतं ते फक्त क्लायंटकडे. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी डमी गोळा केले, पुन्हा भरले आणि रायफल अण्णांच्या हातात दिली.

"साब, अब आप."

अण्णांनी दस्ता डाव्या काखेत घट्ट धरला. उजव्या हातानं बोल्टची मूठ वर केली आणि मागे ओढली. कोपर अंगाला चिकटलेलं. हात मागे आला, आला, आणि थांबला. बोल्ट थांबला त्याच्या थांब्याच्या बोटभर आधी. आवाज आला नाही. डमी चेंबरमधून निघाला होता, नखात लटकत होता आणि मग अलगद खाली आडवा झाला. अण्णांच्या कपाळावर घाम होता. डिसेंबरात.

मग मला सगळं एकदम दिसलं. डाव्या हातातला तांब्या. स्वेटरची बाही. चुरलेली भाकरी. माझ्या हातातली पिशवी.

मिस्त्रींनी रायफल परत घेतली आणि काउंटरवर आडवी ठेवून मला जवळ बोलावलं. मला. अण्णांना नाही. बोल्ट ज्या खाचेतून मागेपुढे होतो, तिच्या डाव्या भिंतीत मागच्या बाजूला त्यांनी पेन्सिलचं टोक लावलं. तिथे एका स्क्रूचं टोक किंचित आत डोकावत होतं.

"हा इजेक्टर. बस, एवढाच. हा हलत नाही, त्यामुळं हा अडकत नाही."

किती साधं! नखानं काडतुसाला उजवीकडून धरलेलं असतं. बोल्ट पार मागे आला की काडतुसाच्या बुडाची डावी कड या स्क्रूवर आपटते. धावत्या माणसाला उंबरठ्याची ठेच लागावी तसं काडतूस उजवीकडे भिरकावलं जातं. स्प्रिंग नाही, दांडी नाही, बिघडायला काहीच नाही. पण ठेच लागायची तर उंबरठ्यापर्यंत पोचावं लागतं. हात बोटभर आधी थांबला, तर ठेच नाही.

अण्णा ऐकत होते. काही बोलले नाहीत. मला वाटतं त्यांना मी यायच्या आधीपासूनच थोडंफार ठाऊक असावं. पलटणीत १७ वर्षं त्यांच्याकडे जास्त काळ एसएलआर होती. ७.६२ची, सेल्फ लोडिंग. गोळी सुटली की तिच्याच वायूनं रायफल स्वतः काडतूस फेकते, स्वतः पुढचं भरते. दुनळी मधून मोडली की काडतुसं बोटाला लागतात. बोल्ट-अॅक्शन ही एकच, जिला प्रत्येक वेळी माणसाचा अख्खा हात लागतो. खांद्यापासून.

मिस्त्रींना ते कळलं होतं. पण त्यांनी अण्णांकडे पाहून वेगळंच सांगितलं. "साब, नयी है ना, थोडी कडक है. हळूहळू सैल होईल." आणि पोऱ्याला चहा आणायला पाठवलं. हे वाक्य मी ओळखतो. आम्ही ते रोज वापरतो. चूक वापरणाऱ्याची असते तेव्हा तिकिटावर 'सर्व्हर स्लो होता' असं लिहून ते बंद करतो. कोणाचा अपमान नको, कोणाची नोकरी जायला नको. माझी अपेक्षा होती की अण्णा चहा पितील, मान डोलावतील, आम्ही निघू. आणि मग गाडीत कधीतरी, माजलगाव की जालना की कुठेतरी, मला तोंड उघडावं लागेल. मी वाक्यं जुळवत होतो.

अण्णांनी चहा संपवला. कप बशीत ठेवला, डाव्या हातानं.

"कडक न्हाई ती," ते मिस्त्रींना म्हणाले. "चांगली हाय. तुमच्याकडं ठेवून घ्या. पावती द्या. हात नीट झाला की नेतो."

बस, एवढंच. मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि रजिस्टर ओढलं. रायफलीचा नंबर, लायसन्सचा नंबर, तारीख. अण्णांनी सही केली. सहीला वेळ लागला.

पुढचं पटकन सांगतो. परभणीच्या हाडांच्या डॉक्टरांनी अण्णांचा हात चार दिशांना फिरवून पाहिला. चारही वेळा तो अर्ध्यावर थांबला. 'फ्रोझन शोल्डर'. खांद्याच्या सांध्याभोवतीचं वेष्टण जाड होतं, आक्रसतं आणि हात गोठतो. साखर असलेल्यांना जास्त होतो, आणि अण्णांना साखर आहे दहा वर्षं. दुखणं आधी सुरू झालेलं, दिवाळीच्या आधीपासून. रात्री कुशीवर झोपता येत नव्हतं. आईला माहीत होतं. मला फोनवर रोज 'सगळं बरं हाय' असं कळत होतं. बरा होतो, डॉक्टर म्हणाले, पण वर्ष, दीड वर्ष, कधी त्याहून जास्त. व्यायाम रोज. साखर आटोक्यात. घाई नाही.

एजन्सीच्या माणसाला फोन अण्णांनीच केला. मी शेजारच्या खोलीत होतो. आवाज चढला नाही, पडलाही नाही. खांदा धरलाय, बंदूक जमा केली, दुसरा माणूस लावा. त्यानंतर ते अंगणात जाऊन बराच वेळ उभे राहिले. आई म्हणाली, "जाऊ नको मागं." मी गेलो नाही. परत पुण्याला निघायच्या आधी मी त्यांना नेहमीचं वाक्य टाकलं, "पैशाचं टेन्शन घेऊ नका, मी आहे ना." ते म्हणाले, "पैशाचं कोण बोलूलालं?" बरोबरच होतं. मी गप्प बसलो.

ऑफिसात विचारलं सगळ्यांनी. झाली का रायफल रिपेअर? मी म्हटलं, रायफलीत काही नव्हतं. "यूजर एरर?" कोणीतरी डोळा मारून विचारलं. हा शब्द मी दिवसातून दहादा वापरतो. त्या दिवशी मला तो ऐकवेना. मी कॉफी आणायला उठलो.

खांद्याचा एक व्यायाम असा असतो. भिंतीसमोर उभं राहायचं, बोटं भिंतीवर टेकवायची आणि कोळ्यासारखी वर वर चालवायची. दुखलं की थांबायचं. जिथे थांबलो तिथे खूण करायची. आमच्या मधल्या खोलीच्या दाराशेजारी भिंतीवर पेन्सिलच्या जुन्या रेघा आहेत. माझ्या उंचीच्या. अण्णा सुट्टीवर आले की मला भिंतीला उभं करून एक रेघ मारायचे, शेजारी महिना-वर्ष. वर्षाला एक, कधी दोन वर्षांत एक. आईनं रंगकाम करताना तेवढी पट्टी सोडलीय. त्याच पट्टीशेजारी आता अण्णांच्या बोटांच्या रेघा आहेत, रोजच्या तारखेसह. पहिली माझ्या तिसरीतल्या रेघेच्याही खाली होती.

दर रविवारी आई व्हिडिओ कॉल लावते आणि कॅमेरा भिंतीकडे करते. गेल्या रविवारी रेघ माझ्या आठवीच्या वर गेली होती. अण्णा पडद्याबाहेरून म्हणाले, "स्विचबोर्डाच्या वर गेली की संभाजीनगरला जाऊ. पावती जपून ठेव." पावती माझ्या पाकिटात आहे.